अपील चालू असताना पक्षकार वारला तर

जमिनीच्या दाव्यात अपील सुरू असताना पक्षकार वारला, तरी वाद संपत नाही; हक्क वारसांकडे जातो. मात्र सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणून अपिलात नाव लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 खाली 90 दिवसांत वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर मयतापुरते अपील आपोआप संपते. भावाभावांविरुद्धचा हुकूमनामा एकत्रित, अविभाज्य असेल, तर एकाच्या वारसांअभावी सगळेच अपील बुडू शकते. दुःखातल्या घराला ही मुदत निष्ठुर वाटेल, पण समोरच्यालाही निकाल कधीतरी पक्का हवाच. शिवाय पुढच्या 60 दिवसांत अपील पुन्हा उभे करण्याचा अर्ज देता येतो. त्यानंतरही सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते. मृत्यू समजताच न्यायालयाला कळवणे मयताच्या वकिलाचे कर्तव्यच आहे, तेव्हा वारसांनी मृत्यूचा दाखला घेऊन आधी त्यांना गाठावे.