कोड, बावची आणि आपली कुटुंबे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या विषयाचा उच्चार आपल्या घरांत दार लोटून होतो, तो आज आम्ही भरसभेत काढीत आहोत. कोड हा तो विषय होय. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, व तो स्पर्शाने पसरतही नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच त्वचेस रंग देणाऱ्या पेशींवर उलटतात आणि तेथे पांढरा डाग उमटतो.

त्यावरील बावचीचे औषध म्हणजे भाकडकथा, असे आम्ही मुळीच मानीत नाही. आयुर्वेदाने श्वित्रावर बाकुची सांगितलीच आहे. १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे केले. १९४८ साली ईजिप्तच्या डॉ. एल मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका वनस्पतीतील त्याच जातीच्या द्रव्याचा कोडावरील उपयोग प्रसिद्ध केला. औषध देऊन मोजून अतिनील किरण देण्याचा उपचार पुढे त्यातूनच उभा राहिला.

परंतु बावची एकटी काम करीत नाही. तिला ऊन लागते. औषध किती आणि ऊन किती, यातच सारे मर्म आहे. तेल चोळून दुपारच्या उन्हात बसले, तर त्याच वेळी काही जाणवेलच असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी लालबुंद होते, फोड येतात, आणि भाजल्या जागी नवा डाग उठण्याचाही संभव असतो. बावची पोटात घेतल्याने यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकात आहेत. ज्या औषधात गुण आहे त्यात अपायही असू शकतो, एवढे ध्यानी घेऊन जाणत्या वैद्याच्या वा त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते घ्यावे.

मग ते चोरून का वापरले जाते? घरात लग्नाची मुलगी असते म्हणून. (मुलाच्या कोडाची एवढी धास्ती कोणी घेत नाही!) तज्ज्ञाकडे नेले तर चारचौघांत बोभाटा होईल, या भयाने कोणाकडून तरी बाटली आणविली जाते, आणि मुलगी भर दुपारी गच्चीवर बसते. माप विचारावे तर कोणाला?

म्हणून वधूवर सूचीच्या अर्जातील ‘अंगावर पांढरे डाग आहेत काय’ हा प्रश्न वगळावा, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीपुढे मांडीत आहोत. त्याने लपवाछपवी वाढेल, असा आक्षेप येईल. तो आम्हांस पटत नाही. सांगावयाचे ते वधूवरांनी परस्परांस भेटीत सांगावे. समाजाच्या छापील कागदावर ते कशासाठी?