मेंदूतली खरखर

रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे अडकला की खरखर येते. आज बोलायचंय ते अशाच एका खरखरीबद्दल, पण मेंदूतल्या.

विदर्भातल्या मोर्शीच्या बागेत जन्मभर संत्री तोडलेला हात एक दिवस साधी फोड सोलताना थरथरतो. घरचे म्हणतात, ‘म्हातारपन आलं, चालायचंच.’ पण थरथर एकाच हातापासून सुरू झाली, चाल मंदावली, सही बारीक होत गेली, तर तो पार्किन्सन असू शकतो. वैद्यांच्या भाषेत कंपवात. आधी गोळ्याच देतात. काही वर्षांनी त्यांचा असर लवकर उतरू लागतो. मग निवडक रुग्णांच्या मेंदूत बारीक तार बसवतात, बॅटरी छातीच्या कातडीखाली. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला १९८७ साली आलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं, की सेकंदाला शंभराच्या आसपास विजेचे ठोके दिले की कंप थांबतो. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी ही शस्त्रक्रिया कैक वर्षं करत आले आहेत.

तार पोचवायची ती जागा मसुरीच्या आकाराची, जेमतेम सेंटिमीटरभर. स्कॅनवरून वाट कळते, खात्री मात्र कानाने करतात! केसाहून बारीक टोकाची सुई आत सरकते आणि पेशींचा आवाज स्पीकरवर येतो. आधी तुरळक टकटक, मग शांतता, आणि जागा सापडली की टिनाच्या छपरावर धो धो पाऊस. रुग्ण बहुधा जागाच असतो, सांगितलं की मूठ उघडतो, मिटतो.

या गलक्यात एक लय दडलेली असते, सेकंदाला साधारण १३ ते ३० आंदोलनांची. शरीर जखडलेलं असलं की ती बहुधा जोर धरते, गोळी लागू पडली की ओसरते. जुनी यंत्रं ती ऐकत नसत. लावून दिली तेवढी वीज रात्रंदिवस चालू. संत्र्याला कोणी असं पाणी सोडतं का? आपण ओल बघतो, पाणी तोडून झाडाला ताण देतो, मग पाणी. २०२० मध्ये वीज देता देता त्याच तारेने संकेत टिपणारं यंत्र आलं. लय चढली की वीज वाढवायची, उतरली की कमी करायची, हे यंत्राने स्वतःच करायला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

आजार यानं मुळासकट जात नाही, आणि खर्च लाखांत जातो. शिवाय गोळीने ज्याचा हात मोकळा होतो, त्यालाच बहुधा तारेचाही गुण येतो. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना एक वही न्या. गोळी किती वाजता घेतली, हात किती वाजता मोकळा झाला, पुन्हा कधी जखडला. तारखेसकट.