रात्रीचे दंतधावन
(मंडळाच्या पुणे येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावर विद्वानांची भाषणे झाली. मी एक सेवानिवृत्त शिक्षक, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता दातांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी माणसे मुखरोगांनी ग्रस्त आहेत.

सकाळी तोंड धुतल्यावाचून चहाला शिवावयाचे नाही, हा आपल्या घरांतील जुना दंडक. तो उत्तमच आहे. परंतु रात्री अंथरुणावर पडताना दातांची आठवण कोणास होत नाही, आणि त्यांचा खरा घात त्याच वेळी होतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दाताचे कठीण कवच विरघळू लागते. दिवसा लाळ हे आम्ल सौम्य करते. निद्रेत लाळच अत्यल्प स्रवते. म्हणून रात्री साखरेचे दूध पिऊन तसेच झोपणारे मूल आपले दात जंतूंच्या स्वाधीन करून झोपते.

माझेच उदाहरण सांगतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून घरची माणसे तिलाही दुधाचीच समजतात. माझी ती दाढ किडली तेव्हा वडीलधाऱ्यांनी, पडेल आणि नवी येईल, असा धीर दिला. अखेर ती उपटावी लागली, आणि नवी आली नाही. हे ठाऊक असूनही शाळेत मी दर शनिवारी मुलांची नखे तपाशीत असे; तोंड उघडून दाढा मात्र कधी पाहिल्या नाहीत. ही चूक मी आपणांपुढे कबूल करतो.

दुसरी गोष्ट मिश्रीची. माझ्या आईने दाढदुखीवर उतारा म्हणून मिश्री धरली. पुढे मिश्रीने तिला धरले. तव्यावर भाजलेली ती तंबाखूच. ती ठणका घटकाभर विसरावयास लावते, कीड थांबवीत नाही. उलट हिरड्या बिघडवते व मुखाच्या कर्करोगास वाट करून देते. १९९२ साली केंद्र शासनाने दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर शासनाची सत्ता चालत नाही; तेथे आपणच शासन.

मग करावयाचे काय? सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी, मऊ ब्रशाने व फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्यांनी स्वतः हात लावावा. घासल्यावर पेस्ट थुंकून टाकावी. लगेच खळखळून चूळ भरू नये. कोळसा, विटेची पूड, जाडे मीठ यांनी दात पांढरे दिसतात, पण झिजतात. गणपतीचा मोदक वा संक्रांतीचा तिळगूळ वर्ज्य करा, असे मी म्हणत नाही. गोड खावयाचे ते जेवणाबरोबर खावे. दिवसभर थोडे थोडे चघळण्याने दातांस विसावाच मिळत नाही. आणि दुखण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा दंतवैद्यांकडे जावे. कारण दात दुखू लागतो तेव्हा कीड बहुधा खोलवर पोचलेली असते.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण हसून म्हणतो. चणे मिळणे आपल्या हाती असेल वा नसेल. दात राखणे पुष्कळसे आपल्या हाती आहे. आज घरी गेल्यावर सहा वर्षांच्या नातवास दिव्याखाली उभे करा, त्याची मागची दाढ पाहा, आणि निजण्यापूर्वी त्याच्याबरोबर आपणही दात घासा. एवढे झाले तरी या वृद्ध शिक्षकाचे बोलणे सार्थकी लागले, असे मी समजेन.