केकताडाचा अर्क आणि रसनेची पारख

श्रोतेहो, आयुष्यभर मुलांना दारूचे दुष्परिणाम शिकविणारा माझ्यासारखा मास्तर आज एका मद्याच्या आस्वादाविषयी बोलणार, ह्याचे कित्येकांना नवल वाटेल. मलाही संकोच वाटतो. परंतु ज्या वनस्पतीची ही हकीकत आहे तिचे भाईबंद आपल्या परभणी जिल्ह्यातही बांधावर उभे असतात. त्यांना कोणी केकताड म्हणतात, कोणी घायपात. गुरे अडविण्यास कुंपण आणि दोरासाठी वाख, ह्यापलीकडे त्यांची किंमत आपण केली नाही.

हे कुळ मूळचे अमेरिका खंडातील. मेक्सिको देशात, विशेषतः ओआहाका प्रांतात, त्याच्या निरनिराळ्या जातींपासून मेस्कल नावाचे मद्य काढतात. एस्पादिन ही जात पक्व होण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. आयुष्यात एकदाच फुलावयाचे आणि मरावयाचे, हा ह्या झाडाचा धर्म. फुलोऱ्याचा दांडा वाढून गोडी खर्ची पडण्यापूर्वीच पाने छाटून गाभा काढतात. तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात, मातीखाली, तो काही दिवस भाजतात. मग कुटून आंबवितात आणि तांब्याच्या वा मातीच्या भांड्यांतून बहुधा दोनदा अर्क उतरवितात. टकीला ह्याच कुळातली. पण तिचा गाभा बहुधा वाफेवर शिजवितात, म्हणून तिला धुराचा वास नसतो.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने त्या देशाहून एक लहानशी बाटली आणली. "काका, पिऊ नका, नुसती चव पाहा," असे तो म्हणाला. पाण्यासारखा स्वच्छ तो अर्क त्याने उंचावरून वाटीत ओतला, तेव्हा वर मोत्यांसारखे बुडबुडे काही काळ टिकून राहिले. तेथील जाणते कारागीर त्यांवरूनच तीव्रता ओळखतात. वाटीत नाक खुपसावयाचे नाही. वास दुरूनच घ्यावयाचा. पहिल्या थेंबाने जीभ पोळते. त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट चिमणीच्या चोचीएवढा घेऊन जिभेवर घोळवावयाचा. मला प्रथम हुरड्याच्या आगटीचा धूर जाणवला, मग भाजलेल्या रताळ्याची गोडी, आणि शेवटी ओल्या मातीचा गंध. एक थेंब तळहातावर चोळला. मद्याचा दर्प उडाला आणि भाजलेल्या गाभ्याचा वास तेवढा मागे राहिला.

त्या वासासरशी मला एक विद्यार्थी आठवला. त्याचा बाप केकताडाची पाने कुजवून वाख काढी व दोर वळी. पान वाखाजोगे झाले की नाही, हे तो नुसत्या स्पर्शाने सांगे. संध्याकाळी मात्र हातभट्टीची दारू एका दमात घशाखाली ओती. ती चवीसाठी नव्हतीच, दिवस विसरण्यासाठी होती. मुलगा सातवीतून शाळा सोडून गेला. त्या बापाला मी उपदेश पुष्कळ केला. पण त्याचा दोर हाती घेऊन "वा, छान वळला आहे" असे एकदाही म्हटले नाही. ह्याची खंत मला आज वाटते.

आस्वाद घेणारा व्यसनापासून सुरक्षित असतो, असे मी म्हणणार नाही. घोट लहान असला तरी मद्य ते मद्यच. परंतु मेक्सिकोने 1994 साली मेस्कल ह्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले आणि 2016 च्या नियमांत जुन्या हातकारागिरीला वेगळे स्थान दिले. आपल्याकडे गोव्याच्या काजूफेणीस 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. दख्खनच्या पठारावरील केकताडापासून काढलेले मद्यही 2011 साली बाजारात आले. मात्र त्यास मेस्कल म्हणता येत नाही. नावाचा हा मान केवळ झाडाचा नव्हे. त्यावर राबणाऱ्या हातांचाही आहे.

बाटली मी पुतण्याला परत केली. श्रोतेहो, कधी शेताकडे गेलात तर बांधावरच्या केकताडापाशी क्षणभर थांबा, आणि गावात कोणी दोर वळणारा उरला असेल तर त्याचा दोर हाती घेऊन पाहा. पारख करण्यास पेलाच हवा असे नाही.