गोळी आणि टांकी

इंग्रजींत ‘बाइट द बुलेट’ असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दशः अर्थ बंदुकीची गोळी दांतांखालीं चावणें. जें दुःख टळणार नाहीं तें तोंडांतून ब्रही न काढतां सोसावें, हा त्यांतला भाव. भूल देण्याची सोय नसतांना शस्त्रक्रियेच्या वेळीं जखमी शिपायाच्या दांतांत शिशाची गोळी देत, त्यावरून हा प्रयोग निघाला, अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु जुना लेखी पुरावा निराळी हकीकत सांगतो. फ्रान्सिस ग्रोस याच्या बोलभाषेच्या कोशांत, १७९६ च्या आवृत्तींत, सैन्यांतील फटक्यांच्या शिक्षेचा उल्लेख आहे. नऊ दोऱ्यांचा चाबूक पाठीवर पडत असतां जो ओरडे, त्याला ‘नाइटिंगेल’, म्हणजे गाणारा पक्षी, म्हणत. ही नामुष्की टाळण्यासाठीं कांहीं पलटणींतील शिपाई गोळी चघळीत राहत.

ब्रिटिश सैन्यांतील ही शिक्षा १८८१ सालीं रद्द झाली. शब्द मात्र उरले. रुडयार्ड किपलिंगच्या १८९१ सालच्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरींत दृष्टि गमावलेल्या चित्रकाराला त्याचा मित्र हाच सल्ला देतो. किपलिंगचा जन्म १८६५ सालीं मुंबईंत झाला. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग येथील जे. जे. कलाशाळेंत शिल्पकला शिकवीत. पुत्राच्या लेखणींत गोळी आली. पित्याच्या व्यवसायांत टांकी होती. आणि सहनशीलतेसाठीं मराठी माणूस टांकीचाच दाखला देतो: टांकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं.

ही म्हण डोळ्यांनीं पाहावयाची असेल, तर बोरिवलीजवळच्या कान्हेरीस जावें. तेथें डोंगराच्या कातळांत शंभराहून अधिक बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. तिसऱ्या लेण्याच्या ओसरींत दोन्ही टोकांस बुद्धाच्या २० फुटांहून उंच मूर्ति उभ्या आहेत. पहिलें लेणें मात्र अर्धवटच राहिलें. घाव दोन्हीकडच्या दगडानें सोसले. पण जेथें घाव घालणारा हात मनांतील आकृति पुरी करूं शकला, तेथेंच मूर्ति झाली.

दोन भाषांतला भेद येथें स्पष्ट होतो. गोळी चावणाऱ्या शिपायानें आपली अब्रू राखली, परंतु चाबकानें त्याच्यांतून कांहींच घडविलें नाहीं. मूर्ति घडते ती नुसत्या सोसण्यानें नव्हे. म्हणून घरांत, शाळेंत किंवा कचेरींत दुसऱ्यास सोसण्याचा उपदेश करणारानें आधीं आपल्या हाताकडे पाहावें: त्यांत टांकी आहे, कीं चाबूक?