वाद्य कोणाच्या हाती?

मुलाला शाळेच्या बँडमध्ये कोणते वाद्य द्यावे, असे पालक विचारतात. आधी त्याचे दात आणि बोटे पाहावीत. पुढचे दात पडत असतील, तर ओठांना आधार नसतो, बिगुल नीट वाजत नाही. छिद्रे पुरती झाकली गेली नाहीत, तर बासरीचा सूर फुटतो. ‘काहीच जमत नाही’ म्हणून ढोल देणे तर अनर्थच. साऱ्या पथकाची पावले त्यावर पडतात!

मात्र ऐपतीवरून निवड होऊ नये. आपल्या मध्य प्रदेशातील मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या सुमारास अनाथ मुलांचा वाद्यवृंद उभारला. त्यांना वाद्य घेऊन देणारे कोण होते? उस्तादांनी बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग घडविला. या स्मृतिनिधीतून शाळेने वाद्ये घ्यावीत, ही विनंती.