समुपदेशकाच्या हातातला मोबाईल
(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



मी डिप्लोमा झालेला, रेल्वेच्या सिग्नल विभागातला माणूस. शाळेतल्या समुपदेशनावर हा काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण माझी पत्नी इथल्याच एका शाळेत समुपदेशक आहे आणि तिची अडचण मला ओळखीची वाटली.

मी नोकरीला लागलो तेव्हा एका छोट्या स्टेशनवर लिव्हरची केबिन जाऊन पॅनेल आले. तिथले केबिनमन काका बटणांना घाबरत नव्हते. "चुकलं तर कुणाच्या माथी?" ही त्यांची भीती होती. नियम लेखी हातात पडले, आम्ही शेजारी उभे राहून शिकवले, आणि काका सरावले.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या. समुपदेशनासाठी पत्नीकडे उरला तिचा घरचा मोबाईल. व्हिडिओ कॉल तिला लावता येत होता. पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आई-वडील शेजारी असताना मूल मोकळे कसे बोलणार? मग मुले लिहू लागली. एका मुलीने जीव नकोसा झाल्याचा निरोप रात्री उशिरा पाठवला. पत्नीने तो सकाळी पाहिला. ती मुलगी आज सुखरूप आहे. कोण, ते पत्नीने मलाही सांगितलेले नाही. पण तोच मोबाईल दिवसा आमच्या मुलाच्या ऑनलाईन वर्गाला लागत असे. निरोप त्याच्या दृष्टीस पडला असता तर?

तेव्हापासून मला वाटते, समुपदेशकांना यंत्र जमत नाही असे म्हणणे सोपे आहे. निरोप कुठे राहतो, कोण पाहू शकतो, रात्री जबाबदारी कुणाची, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

पालकसभेत आपण तीन गोष्टी मागूया: समुपदेशकाला शाळेचा वेगळा फोन, नोंदी ठेवण्याचा लेखी नियम आणि कामाच्या वेळेतच प्रशिक्षण. रात्रीसाठी १४४१६ हा क्रमांक मुलांना पाठ करून द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि अनेक भारतीय भाषांतून बोलता येते.

आणि घरी? मूल मॅडमशी बोलत असेल तेव्हा पंधरा मिनिटे आपण अंगणात जाऊन बसावे. त्याला कुठलेच प्रशिक्षण लागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!